मोहिउद्दीनशेठ आणि डॉक्टरचं पिवळं विमान

भिवंडीत शुक्रवारी सकाळी कानांना चुकल्यासारखं होतं. लूमचा खडखडाट आठवडाभर इतका अंगात भिनलेला असतो, की सुट्टीच्या दिवशी तो थांबला की माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. अशा शांततेत टेमघरच्या बाजूनं आभाळातून गुणगुण ऐकू आली, की धामणकर नाक्यावरच्या चहावाल्यालाही कळतं, डॉक्टर बुद्धभूषणचं विमान उडतंय. आता-आतापर्यंत त्या गुणगुणीवर कुणी पत्र्याचा डबा बडवल्यासारखा कर्कश आवाज चढला, की समजायचं, मोहिउद्दीनशेठही पोचला. मग थोड्या वेळानं तो कर्कश आवाज मध्येच तुटायचा. का तुटला, तेही सगळ्यांना कळायचं.

ही रिमोटची विमानं जिथं उडतात, त्या मैदानाच्या कडेला मी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतो. मला दाजी म्हणतात. विमानातलं मला काही कळत नाही, पण माणसाच्या पोटात काय जळतंय त्याचा वास मला लांबून येतो. आणि मोहिउद्दीनच्या पोटात त्या दोन हिवाळ्यांत जे जळत होतं ना, त्यावर अख्ख्या गल्लीचा चहा उकळला असता.

मोहिउद्दीन आमच्या गल्लीतला जुना लूमवाला. पणजोबा किनाऱ्यावरून गलबतातून आले, आजोबांनी हातमाग टाकले, वडिलांनी लूम बसवले, आणि या पठ्ठ्यानं तारुण्यात कुवेत गाठलं. तिथं एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी होती. शुक्रवारी सुट्टी. त्या सुट्टीत वाळवंटात काही हौशी लोक रिमोटची विमानं उडवायचे, ते बघत हा उन्हात उभा राहायचा. परत येताना लोक सोनं आणतात, अत्तरं आणतात, ब्लँकेटं आणतात. यानं काय आणलं? मुठीएवढं इंजिन.

लग्न नवं होतं. रशिदाभाभींनी बॅग उघडली. मऊ रेशमी ओढणीत काहीतरी जड गुंडाळलेलं दिसलं. बाईंचा चेहरा उजळला. ओढणी सोडली तर आत एरंडेलाच्या वासाचं लोखंड.

"ओढणी तरी माझी आहे ना?" भाभींनी विचारलं.

"ती इंजिन पुसायला आणलीय," मोहिउद्दीन म्हणाला.

हे मला खुद्द भाभींनी सांगितलंय, आणि सांगताना त्या हसल्या नव्हत्या.

तेव्हापासून या माणसाचा एकच उलटा क्रम. आधी इंजिन घ्यायचं, मग त्याला शोभेल असं विमान शोधायचं. इंजिन नेहमी विमानाला झेपेल त्यापेक्षा एक नंबर मोठं. आणि विमान नेहमी खालच्या पंखाचं.

हे पंखाचं प्रकरण आधी सांगतो, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. या विमानांत मुख्य दोन जाती. एकीत पंख विमानाच्या पाठीवर छपरासारखा टाकलेला असतो, त्याची दोन्ही टोकं किंचित वर उचललेली, आणि सगळं वजन त्याच्याखाली लोंबतं. वाऱ्यानं ते कलंडलं तरी रिमोटवरची बोटं उचला, ते डोलत डोलत आपलं आपण सरळ होतं. दुसऱ्या जातीत पंख पोटाखाली. दिसायला लढाऊ, चपळ, देखणं, पण कलंडलं की कलंडलेलंच राहणार. उडवणाऱ्यानं सरळ केलं तरच सरळ. शिकणाऱ्यानं पहिली जात घ्यावी आणि हात बसला की दुसरीकडे वळावं. कुवेतमध्ये एका म्हाताऱ्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, माणसानं मोहिउद्दीनला हेच सांगितलं होतं. पण वरच्या पंखाचं विमान म्हणजे याच्या लेखी पोरांची तीनचाकी सायकल.

"दाजी, मर्दानं उडवायचं तर फायटर," असं म्हणून तो उडवायचा. मग आम्ही सगळे कोंडूच्या वालात ते शोधायला जायचो.

आमचं मैदान म्हणजे भाताचं खाचर, आणि कोंडू त्याचा मालक. बाकीची जमीन गोदामांना भाड्यानं गेली, एवढा तुकडा राहिला. भात कापून झालं की तो मधले बांध मोडून आम्हाला सपाट पट्टी करून द्यायचा आणि बाजूच्या ओलाव्यावर वाल पेरायचा. मोहिउद्दीनची सगळी विमानं त्या वालात पुरली आहेत.

"शेठ, मना बगायला लागत न्हाय वर," कोंडू म्हणायचा. "वालातनं कावले उडाले का मी समजतो, तुमचा इमान आला."

मोहिउद्दीन यावर रागवायचा नाही, बरं का. कारण मैदानावर दुसरं कुणी उडवणारं नव्हतं. एकट्याच्या पडण्याला काय लाज? तो पडायचा, पण भिवंडीत पडणाराही तोच एक होता. ती एक प्रकारची बादशाहीच म्हणा.

ती बादशाही गेली दातांमुळे.

डॉक्टर बुद्धभूषण टेमघरला दातांचा दवाखाना चालवतो. शांत माणूस, बोटं लांब, हात बर्फासारखा स्थिर. मी माझी कवळी बसवून घ्यायला गेलो होतो आणि मोहिउद्दीन दाढेसाठी खुर्चीत पडला होता. मध्ये फक्त पडदा. डॉक्टर काम करता करता म्हणाला, "शेठ, मोठा आ करा. एक विचारायचं होतं. त्या शुक्रवारी तुमचं विमान बघितल्यापासून मलाही वेड लागलंय."

खुर्चीतून खुशीचा घोगरा आवाज आला. चेला मिळाला!

"मी वरच्या पंखाचं घ्यायचं म्हणतोय," डॉक्टर म्हणाला.

आवाज बदलला.

"आणि इंजिन विमानाच्या कंपनीनं सांगितलंय तेवढंच घेईन, मोठं नको. चार स्ट्रोकचं. जोर जरा कमी, पण आवाज मऊ असतो म्हणे, आणि हळू फिरवलं तरी बंद पडत नाही. आपल्याला कुठे शर्यत लावायचीय? उडताना बघायला मिळालं म्हणजे झालं. तुमचं काय मत?"

मोहिउद्दीनच्या तोंडात मशीन फिरत होतं. त्यानं मत दिलं, पण ते सगळं मशीनमध्ये गेलं. बाहेर आल्यावर सुजलेल्या गालानं मला हळूच म्हणाला, "दाजी, डॉक्टर तीनचाकी घेतोय!" केवढा आनंद झाला होता त्याला.

डॉक्टरनं सवडीनं विमान जोडलं. बाल्सा लाकडाच्या हलक्या पट्ट्या, दाताच्या कामाची बारीक कानस, वर पिवळाधमक रंग. या लोकांत रिवाज असा, की नव्या माणसाचं विमान पहिल्यांदा जुन्या माणसानं वर न्यायचं. डॉक्टरनं दोन्ही हातांनी रिमोट मोहिउद्दीनला दिला. म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच."

आता बघा नशीब. मोहिउद्दीननं ते पिवळं विमान वर नेलं, दोन फेऱ्या मारल्या आणि उतरवलं. ते चाकांवर उतरलं. थोडं उसळलं, पुन्हा टेकलं, सरळ धावत येऊन आमच्यासमोर उभं राहिलं. कोंडूनं सवयीनं वालाकडे पाऊल टाकलं होतं, ते हवेतच राहिलं.

इतक्या वर्षांत या माणसाच्या हातून पहिल्यांदा विमान अखंड जमिनीवर आलं, आणि ते दुसऱ्याचं होतं. टाळ्या पडल्या त्याही डॉक्टरच्या विमानाला. मी मोहिउद्दीनच्या तोंडाकडे बघत होतो. त्याचा रंग हळूहळू उतरला. त्या क्षणी त्याला लागलं ते. हेवा म्हणजे काय, ते मी त्या सकाळी खुर्चीत बसून नीट पाहिलं.

त्यानंतर दर शुक्रवारी तमाशा. पिवळं विमान उडायला लागलं, की मोहिउद्दीन त्याच्याकडे पाठ करून इंजिन पुसत बसायचा. पण विमानाची सावली जमिनीवरून त्याच्या पायांपुढून सरकायची, आणि मान आपोआप वळायची. मग मला ऐकू जाईल इतक्या आवाजात टीका. "पिवळा कशाला? टॅक्सी आहे का?" "एवढं हळू! याच्यापेक्षा कटलेला पतंग लवकर खाली येतो." "चार स्ट्रोक म्हणे. शिलाई मशीन लावलंय डॉक्टरनं." डॉक्टरला खजूर द्यायचा, तर डब्यातले सुकलेले शोधून द्यायचा. डॉक्टर ते प्रेमानं खायचा आणि "थँक्यू गुरुजी" म्हणायचा. त्यानं तर हा आणखीच पेटायचा.

मी पेटवत नव्हतो असं नाही. मी सहज म्हणायचो, "शेठ, आज डॉक्टरचं वाऱ्यातसुद्धा काय सरळ आलं हो!" तो म्हणायचा, "दाजी, तुमची कवळी त्यानं बसवली, म्हणून तुम्ही त्याच्या बाजूनं बोलता." कवळी खरंच चांगली बसली होती.

तरी हे सगळं चाललं असतं. शुक्रवारी जळायचं, शनिवारी लूम सुरू झाले की विसरायचं. पण एका शुक्रवारी मोहिउद्दीन चष्मा घरी विसरला आणि रशिदाभाभी तो घेऊन रिक्षानं मैदानावर आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घरात विमानांबद्दल त्यांचं एकच वाक्य असायचं: "ते कपाट कधी रिकामं करणार?"

त्या रिक्षातून उतरल्या आणि त्याच वेळी पिवळं विमान उतरायला आलं. धुकं नुकतं विरलं होतं, कोवळं ऊन पंखातून आरपार दिसत होतं, इंजिन मंद टपटपत होतं. ते भाभींच्या समोरून गेलं आणि धसकटांवर अलगद टेकलं.

भाभी तिथंच थांबल्या. "अगंबाई, किती अदबीनं आलं हो!" त्या म्हणाल्या. "कुणाचं हे?"

मोहिउद्दीननं चष्मा घेण्यासाठी पुढे केलेला हात तसाच राहिला.

"या ना भाभी, बघा," डॉक्टरनं हाक मारली. "शिकायचंय का? दोन रिमोट एकमेकांना जोडता येतात. तुम्ही उडवा, चुकलं तर मी माझ्या हातात घेतो."

सगळ्यांना वाटलं, भाभी हसून परत जातील. भाभींनी पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि गेल्या.

तिथून पुढे तो सगळा हिवाळा भाभी दर शुक्रवारी येऊ लागल्या. नवऱ्याबरोबर रिक्षातून यायच्या, मैदानावर पाऊल ठेवलं की नवरा डावीकडे, बाई उजवीकडे डॉक्टरपाशी. डॉक्टरची बायको वनिता डबा आणायची, दोघी बायका चटईवर बसून खायच्या, विमानाच्या गोष्टी बोलायच्या. डॉक्टर एकच धडा पुन्हा पुन्हा घ्यायचा: "भाभी, विमान घाबरलं की आपण आणखी घाबरायचं नाही. बोटं उचला. ते जाणतं." आणि भाभी बोटं उचलायच्या, विमान डोलत सरळ व्हायचं, आणि बाई लहान मुलीसारख्या हसायच्या.

ते हसू पट्टीच्या या टोकापर्यंत ऐकू यायचं. मोहिउद्दीन इंधनाची सुई फिरवून इंजिनाचा आवाज वाढवायचा. तरी यायचं.

एकदा तो माझ्या खुर्चीशी उकिडवा बसला. चिंधीनं बोटं पुसली. मग म्हणाला, "दाजी, इतकी वर्षं मी घरात विमानं बनवतो. एकदा तरी तिनं विचारलं का, हे कशानं उडतं?"

"तुमचं उडताना तिनं बघितलं कुठे?" मी म्हणालो. राहवलंच नाही.

तो चिडला नाही, तिथंच मी ओळखलं. इंजिनाचा, टाळ्यांचा हेवा केव्हाच मागे पडला होता. त्याला एकच गोष्ट हवी होती. रशिदानं पट्टीच्या या बाजूला, त्याच्या शेजारी उभं राहून, त्याचं विमान उडवावं.

मग तो दुपारचा गायब व्हायला लागला. जेवून बाहेर पडायचा, लूमवर पोचायचा नाही. त्याच्या हिशेबनिसाला, म्हणजे मेहताला, विचारलं तर तो आकाशाकडे बघायचा. गल्लीत लोक आपोआप हुशार होतात. कमळाबाई भाजीवाली मला म्हणाली, "शेठनं कशेळीला दुसरं घर केलंय म्हणतात." मी ते पुढे फक्त चार जणांना सांगितलं.

शेवटी ते भाभींच्या कानावर गेलं. त्या माझ्यासमोरच म्हणाल्या, "दाजी, दुसरी बाई सांभाळायला माणसाकडे वेळ पाहिजे. यांचा सगळा वेळ इंजिन पुसण्यात जातो."

बाई किती बरोबर होत्या! मोहिउद्दीन एका ओळखीच्याच्या सायझिंगमध्ये बसत होता. सायझिंग म्हणजे जिथं लूमवर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, सूत ताठ आणि मजबूत करतात. तिथल्या एका मोकळ्या खोलीत त्यानं विमान मांडलं होतं. आणि ते वरच्या पंखाचं होतं! मी स्वतः जाऊन बघितलं तेव्हा त्यानं दार अर्धंच उघडलं.

"तीनचाकी?" मी म्हणालो.

"दाजी, आवाज हळू."

पण काय सुंदर केलं होतं! सांगाडा बाल्साचा, आणि त्यावर लोक जो तयार प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवतात, तो नाही. त्यानं आपल्या लूमवर खास विणून घेतलेलं बारीक सुती कोरं कापड पंखावर ताणलं होतं. पंखाच्या पुढच्या कडेला कापडाची हिरवी किनार आलेली. कापड ढोलासारखं ताठ.

"कशानं एवढं ताठ झालं?" मी विचारलं.

"बाहेरचं रोगण कशाला? आपली खळ आहे ना," तो अभिमानानं म्हणाला. "आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या सूत ताठ केलंय. डॉक्टरनं दुकानातनं आणलं, आपण घरचं लावलं. तिच्यासाठी आहे हे."

इंजिन? ते मात्र स्वभावाप्रमाणे. डॉक्टरच्यापेक्षा दोन नंबर मोठं. "एवढं कशाला?" म्हणालो तर म्हणे, "रशिदाला कळायला पाहिजे ना फरक."

शेवटी तो शुक्रवार उजाडला. थंडी कडक, खाडीकडून धुकं आलेलं, धसकटांवर दव चमकत होतं. मोहिउद्दीननं चादरीतून विमान बाहेर काढलं. त्या पांढुरक्या पंखावर हिरवी किनार! वनिता उठून उभी राहिली. डॉक्टरनं जवळ येऊन पंखावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. आणि खरं सांगू? त्या स्थिर माणसाच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा काहीतरी हललेलं दिसलं. आपलं पिवळं त्याला त्या क्षणी जरा फिकं वाटलं असणार.

"अप्रतिम, गुरुजी," तो म्हणाला. "वरून काय लावलंय?"

"खळ. घरची."

डॉक्टर थबकला. "खळ? मग शेठ, थोडं थांबू या का? दव आहे, धुकं आहे. ऊन येऊ द्या. ओलीनं कापड सैल पडेल."

बस्स. हेच वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मोहिउद्दीन थांबला असता. सूत आणि ओल यांचं नातं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पावसाळ्यात ताणे सैल पडतात म्हणून तो स्वतः कारागिरांवर ओरडतो. पण म्हणणारा डॉक्टर होता. मोहिउद्दीन माझ्याकडे वळला, चेहरा फुललेला, आणि कानाशी येऊन म्हणाला, "बघितलं, दाजी? जळतोय!"

मग मोठ्यानं म्हणाला, "रशिदा, इकडे ये. आज हे उडवायचंस."

भाभी चटईवरून उठल्या. एकदा विमानाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. पट्टी ओलांडून आल्या आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. मोहिउद्दीननं घाईघाईनं टाकीत इंधन भरलं.

"आधी मी वर नेतो, मग तुझ्या हातात देतो," तो म्हणाला.

इंजिन गर्जलं. विमान जेमतेम धावलं आणि एकदम आभाळात घुसलं. केवढा जोर! सुरुवातीला काय दिसत होतं म्हणून सांगू. धुक्यातून ती हिरवी किनार निघाली की डोळ्यांचं पारणं फिटत होतं. मोहिउद्दीन डॉक्टरकडे बघत होता, विमानाकडे नाही.

दुसऱ्या फेरीला आवाज बदलला. इंजिनाच्या आवाजामागे फडफड ऐकू यायला लागली, दोरीवर ओली चादर वाजते तशी. कापड सैल पडलं होतं. पंख मध्येच फुगायचा, मध्येच चिकटायचा. विमान एका बाजूला कलंडलं. मोहिउद्दीननं रिमोटची दांडी ओढली. ते दुसरीकडे कलंडलं. त्यानं आणखी ओढली. त्या मोठ्या इंजिनाचा जोर त्याला आडवं फरफटवत होता.

"बोटं उचला!" भाभी म्हणाल्या.

"डॉक्टरचं शिकवलेलं मला सांगू नकोस!"

तोवर डॉक्टर धावत आला होता, दोन्ही हात पुढे. "शेठ, द्या! माझ्याकडे द्या!"

आणि मी जे पाहिलं त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. विमान वर गटांगळ्या खातंय, आणि हा पन्नाशी उलटलेला माणूस रिमोट छातीशी घेऊन डॉक्टरकडे पाठ फिरवतोय. पोर मिठाई लपवतं तसा. पडलं तर पडू दे, पण याच्या हातात नाही! त्याच्या हातून ते वाचणार नव्हतं, हे त्याला कळत होतं. डॉक्टरच्या हातून वाचलं असतं, हेही कळत होतं. दोन्ही कळून तो क्षणभर तसाच उभा राहिला.

मग त्यानं रिमोट भाभींच्या हातात कोंबला. "तू घे!"

भाभींनी आधी इंजिन मंद केलं. गर्जना खाली आली. मग त्यांनी दोन्ही अंगठे दांड्यांवरून उचलले, अगदी वर उचलले, आम्हाला सगळ्यांना दिसतील असे. विमान घसरत होतं, कलंडत होतं. ते हळूहळू डोललं, अर्धवट सरळ झालं, पुन्हा डोललं. पंखावरचं कापड लोंबत होतं, पण पंख डोक्यावर होता, वजन खाली होतं, आणि ते जाणत होतं. भाभींनी त्याला वळवायचा प्रयत्नच केला नाही. जिकडे तोंड होतं तिकडे येऊ दिलं. कोंडूच्या वालात शेंगांवरून सरपटत ते थांबलं.

आम्ही सगळे धावलो. प्रॉपेलर तुटला, एक चाक निखळलं, कापड पंखावरून ओल्या धुण्यासारखं लटकत होतं. सांगाडा मात्र धड होता.

"शेठ," कोंडू डोकं हलवत म्हणाला, "तुमचा इमान माज्या वालान पयल्यांदा पोटावर पडलेला हाय. न्हायतर कायम नाकावर."

मोहिउद्दीन डॉक्टर हसतोय का ते बघत होता. डॉक्टर चाक शोधत होता.

भाभींनी लोंबतं कापड चिमटीत धरलं. "हे आपल्या लूमचं आहे?"

"तुझ्यासाठी काढलं," तो खाली बघून म्हणाला.

"आणि खळ लावलीत? या दवात?" भाभी म्हणाल्या. "अहो, खळ ओलीनं सुटते हे मला तुमच्या घरात यायच्या आधीपासून माहीत आहे. विचारायचं तरी एकदा."

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं ना."

"काय?"

"की मी पण वरच्या पंखाचं करतोय."

भाभींनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. मग त्यांनी ते मोडकं विमान स्वतः उचललं. पट्टीच्या उजव्या टोकाला नेलं नाही. डावीकडे, नवऱ्याच्या चादरीवर आणून ठेवलं.

पुढचं सांगायला हवं, कारण लोक वाटेल ते सांगतात. विमान दुरुस्त झालं. पंखावर तेच कापड पुन्हा ताणलं, यावेळी वर ओल न धरणारं रोगण. त्याची पारख भाभींनी केली, आणि डॉक्टरला विचारून केली. मोहिउद्दीननं ते ऐकलं नाही असं दाखवलं. खरं भांडण इंजिनावरून झालं. मोठं काढायचं म्हटल्यावर हा माणूस असा बसला, की जणू घरातल्या कुणाला माहेरी पाठवतायत. आठवडाभर घरात दोघांचं बोलणं नव्हतं. शेवटी भाभींनी स्वतःच स्क्रू काढले आणि छोटं चार स्ट्रोकचं बसवलं.

आता त्या दर शुक्रवारी डाव्या बाजूला उभ्या राहून उडवतात, आणि काय उडवतात! कशेळीच्या गोदामांतले ड्रायव्हर वेळ काढून बघायला येतात. "मॅडमचं विमान" असं नाव पडलंय. मोहिउद्दीनचं काम एवढंच, की इंजिन सुरू होताना शेपूट धरून बसायचं, आणि भाभींनी मान हलवली की सोडायचं.

जे हवं होतं ते मिळालं, म्हणजे माणूस शांत झाला असेल, असं वाटतं ना तुम्हाला? मागच्याच शुक्रवारी तो शेपूट सोडून माझ्याशी येऊन बसला. वर हिरवी किनार संथ फिरत होती.

"दाजी, खरं सांगा. ती माझ्यापेक्षा बरं उडवते?"

"शेठ, कोंडूचा वाल यंदा भरपूर आलाय. काय ते समजा."

तो पट्टीच्या पलीकडे मान करून हळूच म्हणाला, "आणि डॉक्टरला काय वाटत असेल?"

"त्याला काय वाटणार? सगळ्यांत हुशार चेली गेली त्याची. हल्ली एकटाच उडवतो बिचारा. तुमच्या विमानाकडे बघत असतो."

मोहिउद्दीनचा चेहरा असा खुलला, की मला माझ्या सगळ्या खोटेपणाचं चीज झाल्यासारखं वाटलं. तो उठला, डब्यातले चांगले, टपोरे खजूर निवडले आणि डॉक्टरला द्यायला निघाला. पट्टीच्या मधोमध पोचला होता, तेवढ्यात मागून भाभींचा आवाज आला, "अहो, बाजूला व्हा, उतरवतेय! आणि भूषणभाऊ, जरा इकडे या ना, हे इंजिन खाली येताना धक्का मारतंय, बघता का?"

डॉक्टर धावत आला. मोहिउद्दीन खजूर हातात घेऊन पट्टीच्या कडेला उभा राहिला. विमान त्याच्या समोरून गेलं. भाभी आणि डॉक्टर एका रिमोटवर मान वाकवून उभे होते, आणि भाभी हसत होत्या.

मोहिउद्दीननं एक खजूर तोंडात टाकला. मग दुसरा. माझ्यापर्यंत परत येईस्तोवर त्यानं सगळे संपवले होते.